हिरव्या स्टुलावरचे रामटेके सर

मागच्या महिन्यात लखनौहून मिश्रा सिस्टरचा फोन आला. मी अकोल्याला ओपीडीत होते, पुढ्यात पेशंट होता, तरी उचलला; कारण मिश्रा सिस्टर उगाच फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत. "मैडम, रामटेके सर नहीं रहे," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, "उनका स्टूल यहीं वार्ड में पड़ा है। स्टोरवाले कबाड़ में डालने को कह रहे हैं। क्या करें?"

माणूस गेल्याची बातमी आणि त्याच्या स्टुलाचा प्रश्न एका दमात. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी चिडले असते. पण आमच्या ट्रॉमा वॉर्डात काम केलेल्या कुणालाही यात काही विचित्र वाटणार नाही. तुम्ही सरांची आठवण काढा, स्टूल आपोआप डोळ्यांपुढे येतं.

लोखंडी, गोल बैठकीचं, हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेलं. एक पाय जरासा आखूड, म्हणून त्याच्या तळाला कापसाचा बोळा आणि वर बँडेज. लखनौच्या त्या सरकारी इस्पितळात स्टूल ही फार दुर्मिळ वस्तू होती. नातेवाईक या खाटेचं त्या खाटेकडे पळवायचे, त्यावरून भांडायचे, डबे त्यावरच उघडायचे. या एकाला मात्र कुणी हात लावत नसे. डॉक्टर यशवंत रामटेके, सर्जरीचे प्रोफेसर, ते स्वतः उचलून एका खाटेपासून दुसऱ्या खाटेकडे नेत आणि त्यावर बसत. तासन्‌तास बसत. सर्जनने बसायचं असतं हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले, आणि शिकताना पुष्कळ वैतागलेसुद्धा.

मी एमएस करायला लखनौला गेले तेव्हा मला फक्त कापायचं होतं. सर्जरीला जाणाऱ्या प्रत्येकालाच ते वेड असतं, माझं जरा जास्त होतं. पहिल्याच आठवड्यात मोटरसायकलवरून पडलेला एक तरुण आला. हँडल डाव्या बरगड्यांवर आदळलेलं. सीटी स्कॅनमध्ये प्लीहा फाटलेली दिसत होती, पोटात रक्त होतं. मी कुणाला न विचारता ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, फोन केला, हात धुवायची तयारी केली आणि सरांना रुबाबात सांगितलं, "सर, स्प्लीन रप्चर आहे. ओटी रेडी."

सरांनी स्कॅन पाहिला. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. मग मला म्हणाले, "पोटात रक्त हाय, हे दिसून राहिलं. ते वाहून राहिलं का थांबलं, ते सांग."

मी पुन्हा स्कॅनकडे पाहिलं.

"मंग सुरी ठेव बाप्पा. स्टूल आण."

सर मूळचे भंडाऱ्याचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन लखनौला आले आणि आलमबागच्या क्वार्टरमध्ये राहिले, तेव्हापासून हे कुटुंब तिथलंच झालं. बाहेर सर अशी अदबशीर हिंदी बोलत की लखनौच्याच माणसानं कान टवकारावेत. माझ्याशी मात्र भंडाऱ्याची मराठी. वॉर्डात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे माझी सगळी खरडपट्टी गुप्त राहायची, एवढा त्या भाषेचा मला फायदा झाला. "तू येण्याआधी मी सहा महिने नुसती हिंदीच बोलून राहिलो होतो," असं ते एकदा म्हणाले. सहा महिने का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखाली दडलेला, मुठीएवढा, रक्तानं गच्च भरलेला अवयव. लखनौत तिला तिल्ली म्हणतात. बरगडीवर जोराचा मार बसला की ती फाटते. पूर्वी फाटली की पोट उघडून काढून टाकत. पण प्लीहा गेलेल्या माणसाला पुढे एखादा साधा ताप जिवावर बेतू शकतो. आणि रक्तस्राव थांबलेला असला, नाडी-रक्तदाब जागेवर असले, तर बहुतेक वेळा ती आपली आपण भरून येते. म्हणून थांबायचं. यात सांगायला काही नाही, करायला मात्र फार आहे. पेशंटला झोपवून ठेवायचं, नाडी मोजायची, रक्त तपासायचं, पोटाला हात लावून बघायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा बघायचं. कधीही बिघडू शकतं म्हणून ओटी तयार ठेवायची आणि वापरायची नाही.

यात सरांचा एक नियम होता. एक पोट, एक हात. पहिल्यांदा ज्यानं पोट तपासलं त्यानंच दर वेळी तपासायचं. सकाळी मऊ होतं ते दुपारी जरा ताठ लागतंय, हे कागदावर लिहून दुसऱ्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हात गरम हवा. थंड हात लागला की पोट आपसूक आखडतं आणि डॉक्टरची फसगत होते. त्यासाठी ते चहाचा ग्लास उजव्या मुठीत धरून बसत. चहा निम्म्याहून जास्त तसाच गार व्हायचा. वॉर्डबॉयला वाटे साहेबांना चहा आवडत नाही. मिश्रा सिस्टर त्याला म्हणाल्या होत्या, "अरे, वो पीने के लिए नहीं है।" सरांनी ग्लास खाली ठेवला की आम्ही समजायचो, आता हात लावणार.

त्या मोटरसायकलवाल्यापाशी मला त्यांनी तीन दिवस बसवलं. तीन दिवस! माझ्या बॅचची मुलं अपेंडिक्स काढत होती आणि मी एका पोटावर हात ठेवून बसले होते. मी कुरकुरले तेव्हा म्हणाले, "हातात सुरी असली की कोणीबी सर्जन दिसते. रिकाम्या हातानं बसून दाखव." तरुण बरा झाला, चालत घरी गेला. मला कबूल करायला जड गेलं, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

या कामाला यश असतं, पण श्रेय नसतं. अमीनाबादचे एक कापडवाले होते. दुकानातल्या शिडीवरून कापडाच्या ताग्यासकट खाली आले, काउंटरच्या कडेवर बरगडी आपटली. प्लीहेला बऱ्यापैकी मोठी चीर. सर आठ दिवस त्यांच्याजवळ होते. घरचे रोज विचारायचे, "ऑपरेशन कब होगा?" आणि सर रोज म्हणायचे, "दुआ कीजिए कि न हो।" घरच्यांना हे उत्तर मुळीच पसंत नव्हतं. एका मेहुण्यानं तर वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की इथे कुणी काही करतच नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मंडळी लाडवांचा मोठा डबा घेऊन आली. कापडवाल्यांच्या भुवईला जखम झाली होती, तिथे आमच्या एका ज्युनियरने चार टाके घातले होते. सगळं कुटुंब त्याच्या पाया पडलं. त्याला हार घातला. तो बिचारा सरांकडे बोट दाखवत होता, पण ऐकतंय कोण! जाता जाता तो मेहुणा माझ्याजवळ आला आणि स्टुलावर बसलेल्या सरांकडे पाहून अदबीनं म्हणाला, "ये बुज़ुर्गवार किस मरीज़ के साथ हैं? बड़े भले आदमी हैं, हमारे जीजाजी के पास भी बैठ जाते थे।"

मी संतापून सरांना हे सांगितलं. ते इतके हसले की चहा सांडला. "टाके दिसतात ना बाप्पा," म्हणाले. मग हसू ओसरलं आणि ते बराच वेळ रिकाम्या झालेल्या त्या खाटेकडे बघत बसले. पेशंट गेल्यावर लगेच त्यांना स्टूल हलवायला जमायचं नाही, हे मी पुढेही पाहिलं.

थांबणं म्हणजे न कापणं, असं समजून मी एकदा मोठी चूक करणार होते. आंब्याचे दिवस होते. मलिहाबादच्या बागेतून नसीरभाईंना आणलं. दशहरी आंबे उतरवताना फांदी तुटली आणि ते डाव्या कुशीवर पडले. दोन दिवस सगळं ठीक होतं. त्यांची बायको सलमा उशाशी बसून पंख्यानं वारा घालायची. पण स्कॅनमधली चीर खोल होती, म्हणून या वेळी पहिला हात सरांनी स्वतः लावला होता आणि मला फक्त नाडी-रक्तदाब लिहायला ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नाडी थोडी वाढलेली मिळाली. उकाडा आहे, दुखत असेल, असं म्हणून मी तेवढं लिहिलं आणि गप्प राहिले. उतावळी म्हणून इतकं ऐकून घेतलं होतं की आता मला संयमी दिसायचं होतं.

सरांनी ग्लास खाली ठेवला आणि पोटावर हात ठेवला. विचारलं, "नसीर भाई, कंधा दुख रहा है?"

"हाँ साहब, बायाँ। अभी थोड़ी देर से।"

सरांचा हात तिथेच राहिला. पोटात रक्त साचू लागलं की ते छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं डाव्या खांद्यात उमटतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सर उठले, स्टूल पायानं बाजूला सारलं. "ओटीला सांग. आत्ता."

"सर, बीपी नॉर्मल आहे."

"हाय. थोड्या वेळानं नसन."

पोट उघडलं तेव्हा ताजं रक्त भळभळत होतं. प्लीहा काढावी लागली, नसीरभाई वाचले. हात धुताना मी विचारलं, सर, तुम्हाला कसं कळलं? ते साबण लावत म्हणाले, "बसलो होतो म्हणून कळलं. दुरून नसतं कळलं." एवढंच. मला रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. पुढे पुष्कळ दिवसांनी हेच वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं.

त्याचं असं झालं. एका रविवारी त्यांनी मला आलमबागच्या घरी जेवायला बोलावलं. डाळीचे गोळे घातलेला गोळाभात केला होता, वर हिंगाची फोडणी. रांधणं चांगलं होतं. घर मात्र फार नीटनेटकं होतं, जिथे कुणी काही विस्कटत नाही तसं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली सरांच्या पत्नीचा, काकूंचा. काकू तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दुसऱ्या इस्पितळात वारल्या. त्या दिवशी सर आमच्याच वॉर्डात कुणाच्यातरी खाटेशी बसले होते. निरोप मिळून पोहोचायला त्यांना तासभर उशीर झाला.

"सुजाता होती तिच्यापाशी," ते म्हणाले. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी, कानपूरला बँकेत नोकरी करणारी. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात ती म्हणाली होती, "पापा, आप सबके सिरहाने बैठे, मम्मी के नहीं बैठे। अब मेरे पास भी मत आइए।" सरांनी हे वाक्य मला हिंदीतच, तिच्याच शब्दांत सांगितलं. मराठीत करून सांगायला त्यांना जमलं नसावं.

"मग तुम्ही?"

"मी नाही गेलो. ती नको म्हणाली ना. फाटलेल्या जागेले छेडलं तर आणखीन फाटते. भरून येईन आपोआप."

कानपूर तिथून दोन तासांवर. आलमबागच्या बसअड्ड्यावरून दर थोड्या वेळानं बस सुटते, आणि बसअड्डा त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटं. तीन वर्षं हा माणूस त्या अड्ड्यासमोरून रोज इस्पितळात येत होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला, पण पुढ्यात त्यांनीच वाढलेला भात होता, म्हणून जेवत राहिले.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला होता आणि ते अधूनमधून तो उघडून बघत होते. मेसेज नाही, फोन नाही. व्हॉट्सॲपवर सुजाताच्या नावाखाली ती शेवटची कधी दिसली ती वेळ येते, तेवढीच बघत होते. "आत्ता अकरा चाळीसले होती," म्हणाले. "बरी हाय म्हणजे."

पुढे हिवाळ्यात एका सकाळी ते वॉर्डात आले ते थेट माझ्याकडे. चेहरा उतरलेला. मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ ना. काल दुपारपासून वेळ दिसून नाही राहिली. फोटोबी गेला. काही झालं असन का तिले?"

मी बघितलं. मला लगेच कळलं. सुजातानं आपली वेळ आणि फोटो लपवला होता. एक बटण दाबायचं असतं. सरांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. नाडी बंद पडलेल्या पेशंटपाशी उभं राहावं तसे ते माझ्यापुढे उभे होते, आणि मला भडभडून आलं. माझं असं आहे, रडू येतं तेव्हा मी भांडते.

"सर, हा काय मॉनिटर आहे का? तीन वर्षं तुम्ही हे बघताय? एक पोट एक हात, कोण म्हणतं? बसलो होतो म्हणून कळलं, कोण म्हणतं? पेशंट कानपूरला आणि तुम्ही इथे, याला थांबणं नाही म्हणत. याला सोडून जाणं म्हणतात. तुम्हीच शिकवलंत."

मिश्रा सिस्टरला मराठी कळत नव्हती, पण त्या हातातला ट्रे तसाच धरून उभ्या राहिल्या. प्रोफेसरशी कुणी या आवाजात बोलत नाही. सरांनी मोबाइल खिशात ठेवला, स्टूल उचललं आणि चार नंबरच्या खाटेपाशी जाऊन बसले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी जाऊन रडले. मी फार बोलले होते, हे खरं. आणि त्यातला एक शब्दही परत घ्यावासा वाटत नव्हता, हेही खरं.

पुढच्या सोमवारी चहाचा ग्लास हातात धरून म्हणाले, "गेलो होतो काल."

"कानपूरला? मग?"

"आतून आवाज आला, कौन है. मी सांगितलं. मंग आवाज नाही आला. जिन्यात बसलो तासभर. आलो परत."

त्यानंतर ते दर रविवारी जाऊ लागले. सोमवारी मला दोन वाक्यांत सांगत, राउंडवर पेशंटची स्थिती सांगावी तसं. दुसऱ्या रविवारीही दार बंद. तिसऱ्या रविवारी ती बाजारातून आली, त्यांच्या शेजारून जिना चढून आत गेली, काही बोलली नाही. पण वाळली आहे, असं त्यांना दिसलं. चौथ्या रविवारनंतर मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "काल दाराबाहेर खुर्ची होती."

"कोणती खुर्ची?"

"प्लास्टिकची. लाल. मी जायच्या आधीच ठेवलेली. दार बंदच होतं." आणि मग खाली मान घालून म्हणाले, "बसलो तिच्यावर."

मी म्हटलं, "सर, स्टेबल आहे." ते हसले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

त्याच आठवड्यात माझं लखनौमधलं शिक्षण संपलं. शनिवारी मी वॉर्डाचा, सरांचा निरोप घेतला. मी वाकले तर पाया पडू दिलं नाही. "जयभीम म्हण, पुरे," म्हणाले. मीही अकोल्याला आल्यावर माझ्या व्यापात पडले. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पेशंटच्या खाटेपाशी होते, नीट बोलणं झालंच नाही. सुजाताचं विचारायचं राहून गेलं. असं राहून जायला नको होतं, आणि याला मीच जबाबदार आहे.

मिश्रा सिस्टरना त्या दिवशी फोनवर मी तेच विचारलं. शेवटी जवळ कोण होतं? "कोई नहीं मैडम। घर पर अकेले थे। सोमवार की सुबह थी, ड्यूटी पर नहीं आए तो हमने आदमी भेजा।" मग त्यांनी पुढचं सांगितलं. "बिटिया आई थीं कानपुर से। सब हो गया तो वार्ड में आईं। पूछा, पापा कहाँ बैठते थे। हमने स्टूल दिखा दिया। चार नंबर के पास रखवाया और बैठी रहीं, बड़ी देर तक। मरीज़ ने समझा नई डॉक्टर हैं।"

दार कधी उघडलं का, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही. स्टूल सुजाताला विचारल्याशिवाय भंगारात देऊ नका, एवढं मी सांगितलं.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. मी सामान घेऊन मेट्रोनं विमानतळावर निघाले होते. आलमबागला गाडी थांबली. तिथे मेट्रो वरून जाते, खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. धुकं होतं, कडाक्याची थंडी होती. अड्ड्यासमोरच्या टपरीवर सर उभे होते. करडा स्वेटर, कानटोपी, खांद्याला कापडी पिशवी. पलीकडे कानपूरची बस उभी होती आणि कंडक्टर हाका मारत होता. मी काचेवर हात आपटला, वेड्यासारखी "सर, सर" म्हणाले. डब्यातले लोक बघायला लागले. इतक्या वरून त्यांना काय ऐकू जाणार. उतरायला हवं होतं. दार बंद झालं आणि गाडी हलली.

चहा ते पीत नव्हते. ग्लास उजव्या मुठीत घट्ट धरून उभे होते, हात गरम करत.